जामसरची एक रात्र

आश्विनांत जव्हारकडे जाण्याचा योग आला, तेव्हां धाकटा पुतण्या हट्टानें बरोबर निघाला. मीं त्यास नको म्हटलें नाहीं, याचें कारण घरांतलें होतें. त्याच्या खोलींतून अष्टौप्रहर ऐकूं येणाऱ्या ‘हाउस’ नांवाच्या पाश्चात्य संगीतावरून आमच्या दादांचा व त्याचा अबोला पडला होता. “तेंच तें, तेंच तें! याला ना आरंभ, ना शेवट,” हा दादांचा आक्षेप, आणि खरें सांगावयाचें तर माझाही. अखेर तोड निघाली ती अशी, कीं त्याच्यासाठीं माडीवर जाड भिंतींची एक वेगळी खोली बांधावी. तोंपर्यंत घराला चार दिवस विश्रांति, एवढाच माझा हेतु.

जव्हार हें मुकणे घराण्याचें जुनें संस्थान. १९४८ सालीं तें मुंबई प्रांतांत विलीन झालें, आणि २०१४ पासून तें पालघर जिल्ह्यांत मोडतें. प्रवासी तेथील जयविलास राजवाडा व दाभोशाचा धबधबा पाहून परततात. आम्ही मात्र त्याच तालुक्यांतील जामसर या गांवीं एका स्नेह्याकडे उतरलों. उतारांवर नागली व वरई, खालच्या खाचरांत पिवळें पडलेलें भात, आणि मधून मधून कारवीच्या कुडाचीं सारवलेलीं घरें. या भागाचें नांव शहरांतील वाचकांनीं बहुधा एकदांच ऐकलेलें असतें. तें म्हणजे १९९२-९३ सालच्या वावर-वांगणी येथील बालमृत्यूंच्या बातम्यांत. येथील लोकांचा आनंद मात्र वर्तमानपत्रांत येत नाहीं.

तो आनंद त्या रात्रीं पाहिला. जेवणें उरकल्यावर पाड्यावरून एक घोगरा, भरदार सूर येऊं लागला. तारपा! वाळलेला भोपळा, त्यांत मेणानें बसविलेल्या बांबूच्या दोन नळ्या, आणि टोकाला ताडाच्या पानांचें लांब कर्णें. वाजविणारा वृद्ध मधोमध उभा. फुंकतां फुंकतांच तो नाकानें श्वास घेई, त्यामुळें सूर क्षणभरही तुटत नसे. त्याच्या भोवतीं स्त्री-पुरुष एकमेकांच्या कमरेस हात घालून शंखाच्या वळशासारखे फिरत होते. आघाडीचा तरुण घुंगरांची काठी जमिनीवर आपटून ठेका धरी.

पहिल्या अर्ध्या तासांत मी मनाशीं म्हटलें, “तेंच तें.” पण हळूहळू कान उघडले. तारपकऱ्यानें चाळा, म्हणजे चाल, बदलली कीं कोणी कांहीं न सांगतां साऱ्यांचीं पावलें बदलत. ऐकावयास बसलेला असा माझ्यावांचून तेथें कोणीच नव्हता. ज्याला मी पुनरुक्ति समजत होतों, ती नाचणाऱ्याच्या पायाखालची भुई होती. ती स्थिर नसती, तर इतकीं माणसें एका शरीरासारखीं हललीं नसतीं.

“काका, हाउस असेंच असतें,” पुतण्या हळूच म्हणाला. आणि परततांना त्यानें मला तें सारें सांगितलें. शिकागो शहरांत १९७७ सालीं ‘वेअरहाउस’ नांवाचें नृत्यगृह निघालें. तेथें फ्रँकी नकल्स हा तरुण एका तबकडींतून दुसरींत सूर मिसळवीत रात्रभर नाच तुटूं देत नसे. येणारे बहुतेक कृष्णवर्णी, कांहीं स्पॅनिश-भाषी, आणि त्यांत पुरुषांवरच प्रेम करणारे पुरुष पुष्कळ. ज्यांना इतरत्र मानानें थारा नव्हता, त्यांचें हें घर. १९७९ च्या जुलैंत त्याच शहराच्या क्रीडांगणावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटानें उडविण्यांत आला; तरी या मंडळींचा नाच थांबला नाहीं. ‘वेअरहाउस’वरूनच पुढें ‘हाउस’ हें नांव पडलें. आपल्या मुंबईंतही १९८२ सालीं चरणजित सिंग यांनीं दहा राग तालयंत्रावर बसवून एक तबकडी काढली होती. तेव्हां तिला कोणी विचारलें नाहीं. २०१० सालीं ती पुन्हां निघाली, तेव्हां परदेशांतील जाणत्यांनीं कान टवकारले.

दुसऱ्या दिवशीं आम्ही त्या वृद्धाकडे गेलों. तारप्याला मान मिळत नाहीं असें नाहीं. याच तालुक्यांतील वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ सालीं पद्मश्री जाहीर झाली. पण “बाबा, आपणांपाशीं शिकतो कोण?” असें पुतण्यानें विचारतांच म्हातारा हंसला. “शिकायला पोर गांवांत राहिला पाहिजे ना?” दिवाळी सरली कीं येथलीं घरेंच्या घरें भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात, तीं पावसाच्या तोंडावर परततात. काठी आपटणारा तो तरुणही बायकोमुलांसह जाणार होता. उचल घेऊन झाली होती.

घरीं आल्यावर मीं दादांना सारें सांगितलें. त्यांनीं पुतण्याला बोलावून “ऐकव पाहूं” म्हटलें, आणि बिचारे पाऊण तास शांत बसले. आवडलें असें ते म्हणाले नाहींत. पण “तेंच तें” असेंही म्हणाले नाहींत.

माघांत माडीच्या खोलीसाठीं विटांची मालमोटार दारांत आली. मजूर उतरवीत असतां पुतण्यानें चालकास विचारलें, “विटा कोठल्या?” तो म्हणाला, “भिवंडीच्या.” पुतण्या एक वीट हातांत घेऊन बराच वेळ उभा होता. भिंती अजून चढल्या नाहींत. त्या चढवाव्या कीं नाहीं, हा विचार घरांत चालू आहे.