घाटातली घाई

उर्दूत 'घाट' म्हटले की नदीचा काठ डोळ्यांपुढे येतो: धोब्याचा घाट, नावेचा घाट. मराठीत घाट म्हणजे डोंगर चढणारी-उतरणारी वाट. आम्ही दोन्ही भाषा शिकवतो, त्यामुळे या शब्दापाशी मुले दरवर्षी अडखळतात. एकदा एका मुलाने विचारले, "सर, मग आपल्या नगरला कुठला घाट आहे? इथं तर नदीलाही पाणी नसतं!" वर्ग हसला. आम्ही फळ्यावर जिल्ह्याचा नकाशा काढला आणि मुलांनाच घाट शोधायला लावले.

नगर म्हणजे सपाट, दुष्काळी माळरान अशी बाहेरच्यांची समजूत असते. प्रत्यक्षात नगरहून किंवा संगमनेरहून कोणत्याही मोठ्या रस्त्याने निघा, थोड्या वेळात घाट लागतोच. औरंगाबादच्या रस्त्यावर जेऊर सोडले की इमामपूर घाट. पुणे-नाशिक रस्त्यावर संगमनेरच्या अलीकडे चंदनापुरी घाट. अकोले तालुक्यात भंडारदरा, घाटघर, साम्रदकडे जाणारे अरुंद, वळणावळणाचे रस्ते. काजव्यांच्या दिवसांत, मे-जूनमध्ये, या रस्त्यांवर रात्री शहरातल्या गाड्यांची रांग लागते. त्यांतल्या पुष्कळ चालकांनी डोंगरातला रस्ता रात्रीच्या अंधारात पहिल्यांदाच पाहिलेला असतो.

पाथर्डीच्या रस्त्याला लागलात तर आधी शाह डोंगर येतो. त्यावरची तीन मजली अष्टकोनी इमारत लोक 'चांदबिबी महाल' म्हणून ओळखतात. खरे तर ती निजामशाहीतला वजीर सलाबत खान याची कबर आहे. तिथून पुढे गेले की करंजी घाट. नगरच्या पश्चिमेला आणे घाट आणि त्यापुढे माळशेज, पूर्वेला करंजी, हे तिन्ही घाट एकाच महामार्गावर आहेत. पूर्वी त्याचा क्रमांक 222 होता, आता 61 आहे. कल्याणहून येणारा हा रस्ता नगर, पाथर्डी, परभणी, नांदेड करत तेलंगणातल्या निर्मळकडे जातो.

या रस्त्याचा नगर-कल्याण हा तुकडा आपल्या अनेक कुटुंबांच्या पायाखालचा आहे. कल्याण, भिवंडी, मुंब्रा इथे कुणाची मुलगी दिलेली असते, कुणाचा भाऊ कामाला असतो. लग्न असो की मयत, निघायचे याच रस्त्याने. आम्हीही पाच-सहा वर्षांपूर्वी जुलै महिन्यात याच रस्त्याने निघालो होतो. त्या सफरीत जे कळले ते सांगण्यासाठीच हा लेख आहे.

मावसबहिणीच्या मुलीचा निकाह होता, कल्याणला, जोहरच्या नमाजनंतर. गाडीत आम्ही दोघे, अम्मी, बहीण, तिची दोन लहान मुले आणि गाडी चालवायला तिचाच मोठा मुलगा, वय 23. गाडी जुनी, सात जणांची. वरच्या कॅरियरवर आहेराच्या पेट्या, दोन पातेली आणि नगरहून न्यायलाच हवे होते असे आणखी बरेच काही. फजरनंतर लगेच निघायचे ठरले होते. पेट्या बांधता बांधता साडेसात वाजले. आदल्या दिवशी गाडी धुऊन चकचकीत केली होती. ब्रेक मात्र कुणीच पाहिला नव्हता.

भाळवणी, टाकळी ढोकेश्वरपर्यंत रस्ता सरळ. पुढे आण्याचे पठार आणि मग आणे घाट. हा घाट उतरल्यावर गुळुंचवाडीजवळ रस्ता एका नैसर्गिक दगडी पुलावरून जातो. पाण्याने हजारो वर्षे खडक कोरून खाली कमान तयार केली आहे आणि वरून ट्रक धावत असतात. मुलांना ती कमान दाखवायची असे आम्ही दर वेळी म्हणतो. त्या दिवशीही म्हणालो आणि थांबलो नाही, कारण उशीर झाला होता. आळेफाट्याला चहा घ्यायचा ठरला होता, तोही राहिला. कल्याणहून दर पंधरा मिनिटांनी फोन येत होता, "कहाँ तक पहुँचे?" फोन बहिणीकडे असायचा, ती उत्तर द्यायची आणि मग मुलाला म्हणायची, "बेटा, जरा पाय टाक."

ओतूर गेले. पिंपळगाव जोगा धरणाचे पाणी दिसू लागले. खुबी फाट्याशी पोहोचलो तेव्हा ढग रस्त्यावर उतरले होते. एरवी इथून हरिश्चंद्रगड दिसतो. तो आपल्याच जिल्ह्यातला, अकोले तालुक्यातला. त्या दिवशी गडच काय, पुढच्या गाडीचा मागचा दिवाही दिसत नव्हता. पाऊस बारीक पण सतत चालू होता.

माळशेज घाट ज्यांनी पावसाळ्यात पाहिला आहे त्यांना वर्णनाची गरज नाही. एका बाजूला उभा कडा, त्यावरून थेट रस्त्यावर पडणारे धबधबे. दुसऱ्या बाजूला कठडा आणि त्यापलीकडे नुसते पांढरे धुके. रस्त्यात मध्येच उभ्या केलेल्या गाड्या, फोटो काढणारी तरुण मुले, खाण्याच्या आशेने धावत येणारी माकडे. कड्यावरून सुटणारे दगड ही तर पावसाळ्यातली नेहमीची गोष्ट. सौंदर्य आणि धोका इथे एकाच वळणावर उभे असतात.

भाचा उतारावर गाडी तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये सोडत होता आणि पाय ब्रेकवर ठेवून होता. थोड्या वेळाने गाडीत वास येऊ लागला. अम्मी म्हणाल्या, "कुणीतरी टायर जाळतंय बाहेर." इतक्या पावसात टायर कोण जाळणार? दोन वळणे गेली आणि भाचा हळू आवाजात म्हणाला, "मामू, ब्रेक खाली चाललाय."

गाडीत कुणी काही बोलले नाही. लहान मुलेही गप्प झाली. भाच्याने गिअर दुसऱ्यात टाकला, मग पहिल्यात. इंजिन ओरडू लागले, वेग कमी झाला. थोडा ब्रेक अजून लागत होता. तेवढ्यावर आणि हँडब्रेकवर त्याने गाडी कड्याच्या बाजूच्या जरा रुंद जागेत नेली आणि ती थांबली. अम्मींच्या हातातली तसबीह तेवढा वेळ थांबली होती की चालू होती, हे त्यांनाही नंतर आठवले नाही.

मागून कांद्याच्या गोण्या भरलेला एक ट्रक येत होता. तो थोडा मागे, इंडिकेटर लावून थांबला. चालक पाथर्डी तालुक्यातला, पन्नाशीचा माणूस. त्याने काही विचारायच्या आधी क्लीनरला सांगून आमच्या पुढच्या चाकांपुढे दगड लावून घेतले. भाच्याने पाण्याची बाटली घेतली आणि चाकावर ओतायला वाकला. चालकाने त्याचा हात धरला. "पाणी नको टाकू पोरा. तापलेल्या लोखंडाला तडा जातो. बसू दे निवांत."

अर्धा तास आम्ही तिथे कड्याखालून जरा बाजूला सरकून उभे होतो. चालक भाच्याला समजावत होता. "हा घाट चढायचा असता तर कुठल्या गिअरमध्ये चढला असता?" भाचा म्हणाला, "दुसऱ्या." "मग उतरायचंही दुसऱ्यातच. गाडी इंजिनानं धरायची. ब्रेक मिठासारखा, चवीपुरता."

एवढ्या साध्या वाक्यात सगळे विज्ञान आहे. ब्रेक घर्षणावर चालतो आणि घर्षणातून उष्णता तयार होते. पाय सतत दाबून ठेवला की ती उष्णता बाहेर पडायला वेळच मिळत नाही. अस्तर तापले की त्याची पकड कमी होते. त्याहून जास्त तापले तर ब्रेकचे तेल उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडून खाली जाते. गाडीत माणसे आणि सामान जितके जास्त तितकी ही उष्णता जास्त. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे ओढून धरते आणि ब्रेकला उसंत मिळते. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे हा आधारच तोडून टाकतात. इंजिनच बंद करणारे तर ब्रेक आणि स्टिअरिंगला मिळणारी मदतही घालवून बसतात. मग दोन्ही इतके जड होतात की ताकद पुरत नाही.

निघताना चालकाने विचारले, "एवढी कसली घाई होती?"

भाचा काही बोलला नाही. त्याने आमच्याकडे पाहिले. तक्रार नव्हती त्या नजरेत, पण उत्तर होते. गाडी एक जण चालवत होता, घाई मात्र आम्ही सगळे मिळून करत होतो. उशिरा निघालो ते आमच्या पेट्यांमुळे. चहाला थांबलो नाही ते आमच्या सांगण्यावरून. "पाय टाक" हे शब्द त्याच्या आईचे होते आणि ते ऐकून गप्प बसलेले आम्ही होतो. 23 वर्षांच्या मुलाने सहा वडीलधाऱ्या-लहानग्यांना "नाही, मी हळूच चालवणार" असे म्हणावे, ही अपेक्षा मोठी आहे. काही घडले असते तर लोक म्हणाले असते, पोराने जोरात चालवली. खरे कुणाला कळलेच नसते.

नगरच्या माणसाला या घाटाचे नाव घेताना 2 जानेवारी 2014 आठवतो. ठाण्याहून नगरकडे येणारी एसटी बस त्या दिवशी माळशेज घाटात दरीत कोसळली आणि 25 हून अधिक माणसे गेली. घरी वाट पाहणाऱ्यांपर्यंत आधी बातमी पोहोचली. त्या कड्याखाली उभे असताना आम्हाला ती बस आठवत होती, पण अम्मींसमोर कुणी तोंडाने काढली नाही.

आपण सफरीला निघताना बिस्मिल्लाह म्हणतो, सफरीची दुआ पढतो, सदका काढतो आणि मग म्हणतो, आता अल्लाह निगेहबान. ते खरेच आहे. पण उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरोसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला प्रेषितांनी (स.) आधी उंट बांधायला सांगितले होते, हेही आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आजच्या सफरीत उंट बांधणे म्हणजे ब्रेक तपासणे, टायर पाहणे, वेळेवर निघणे. ज्या दीनने मुसाफिराची चार रकातींची फर्ज नमाज दोनवर आणली, त्याने मुसाफिराची अडचण ओळखली आहे. आपण मात्र त्याच मुसाफिराला मिनिटामिनिटाचा हिशोब मागतो.

भाचा गाडीत बसायला निघाला तेव्हा चालकाने पुन्हा हाक मारली. "दगड?" चाकांपुढचे दगड तसेच होते. गाडी नादुरुस्त झाली की चाकाला दगड लावायचे आणि निघताना ते रस्त्यातच टाकून जायचे, ही घाटातली जुनी खोड. रात्री धुक्यात मागून येणाऱ्या मोटारसायकलला तोच दगड जीवघेणा ठरतो. भाच्याने एकेक दगड उचलून कड्याच्या बुडाशी नेऊन ठेवला. वाटेतली त्रास देणारी वस्तू बाजूला करणे हा ईमानचाच भाग आहे, हे आम्ही वर्गात कितीदा सांगितले असेल. त्या दिवशी ते आम्हाला एका कांद्याच्या ट्रकवाल्याने करून दाखवले.

उरलेला घाट आम्ही त्या ट्रकच्या मागे, दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. घाटात मोबाईलला रेंज नव्हती, त्यामुळे फोनही आला नाही आणि ते बरेच झाले. टोकावड्यापुढे दोन रकात जोहर अदा केली. मुरबाडला मेकॅनिकला गाडी दाखवली. ब्रेकची अस्तरे झिजलेली, तेल काळे पडलेले. कल्याणला पोहोचलो तेव्हा निकाह होऊन गेला होता, लोक जेवून उठत होते. नवरीने आम्हाला पाहिले आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले. बोलणारे बोललेच, "नगरवाले नेहमीच उशिरा!" आम्ही हसून घेतले.

रात्री बरेच जण आग्रह करत होते, आता निघालात तर पहाटेपर्यंत घरी. आम्ही मुक्काम केला आणि सकाळी उजेडात निघालो.

वाचकांना पाच गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पावसाळ्यात घाट दिवसा ओलांडा. धुक्यात दिवा खालच्या झोतावर ठेवा, वरचा झोत धुक्यावरून परतून आपल्याच डोळ्यांत येतो. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या, नियमही तोच आहे. वळणावर, कड्याखाली किंवा धबधब्यासमोर गाडी उभी करू नका. अपघात दिसला तर 108 किंवा 112 ला फोन करा आणि मदतीला थांबा. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये यासाठी 2019 पासून मोटार वाहन कायद्यातच संरक्षण आहे.

आणि सहावी गोष्ट घरच्यांसाठी. आमच्या घरातून आता गाडी चालवणाऱ्याला फोन जात नाही. कुणी सफरीला निघाले की अम्मी एवढेच म्हणतात, "पोहोचलास की सांग." मग त्या तसबीह घेऊन बसतात. वेळ विचारत नाहीत.