आमच्या परसातली पाकोळी
(इयत्ता सातवी)

मला पक्षी पाहण्याचा छंद आहे. कोणाला तिकिटे जमवण्याचा असतो, कोणाला नाण्यांचा, तसा मला हा. यात पैसा लागत नाही. एक वही, एक पेन्सिल आणि परसात गप्प बसायची तयारी एवढे पुरते. गप्प बसणे मात्र कठीण आहे हे वर्गातील मुलांना सांगायला नको! आमचे घर निवतीच्या बाजूला, समुद्राच्या अगदी जवळ आहे. मागे परस. त्यात चार माड, एक रायवळ आंबा, केळी, जास्वंद आणि विहीर. पलीकडे भाताचे कुणगे. जून २०२३ पासून मी परसात आणि किनाऱ्यावर जे पक्षी दिसतात ते तारीख घालून लिहितो. आमचे आजोबा आधी हसायचे. म्हणायचे, "पाखरां मोजून पोट भरतलां काय रे?"

पाऊस लागला की नवरंग येतो. तो दिसतो कमी, ऐकू येतो जास्त. सकाळी आणि तिन्हीसांजेला दोन सुरांची शीळ घालतो आणि पाचोळ्यात किडे उकरत हिंडतो. भात वाढले की सुगरण पक्षी पाती चिरून नेतात. भात कापणीच्या सुमारास विहिरीच्या काठावर करडा परीट शेपूट हलवत चालू लागतो. हा इवलासा पक्षी हिमालयाकडून येतो हे गुरुजींनी सांगितले, तेव्हा आईने त्याला हाकलणे बंद केले. शिंजीर आणि शिंपी तर बारा महिने जास्वंदीवर असतात. त्यांच्यासाठी वहीत वेगळे पान ठेवलेले नाही.

थंडीत किनाऱ्यावर गंमत असते. रापण ओढायला माणसे जमली की कुरव पण जमतात. त्यांतले तपकिरी डोक्याचे कुरव लडाख आणि तिबेटकडच्या तळ्यांवरून येतात. इथे असताना त्यांचे डोके पांढरे असते, फक्त कानाजवळ एक काळा ठिपका. मार्च आला की डोके हळूहळू तपकिरी होते, आणि पुरते तपकिरी झाले की समजायचे, पाहुणे आता निघणार. सुरय मात्र वेगळे. ते सडपातळ असतात, शेपटी दुभंगलेली, आणि वरून सरळ पाण्यात सूर मारतात. बाबा होडी घेऊन गेले की आधी आभाळात बघतात. सुरयांचा थवा एका जागी खाली-वर करत असला तर तिथे खाली मासा आहे असे समजतात.

आमच्या समोरच्या समुद्रात काही मैल आत वेंगुर्ला रॉक्स नावाची लहान खडकाळ बेटे आहेत. दीपगृह आहे ते तिथेच. रात्री आमच्या पडवीतून त्याचा उजेड दिसतो. या खडकांवर काळसर पाठीचे सुरय पावसाळ्याच्या दिवसांत अंडी घालतात. समुद्र खवळलेला असतो, होडी तिकडे जाऊ शकत नाही, म्हणून त्यांना तेव्हा कोणाचा त्रास नसावा. जुलै २०२४ मध्ये मोठ्या वादळी वाऱ्यानंतर असा एक सुरय पुळणीवर दमून बसलेला आम्हाला मिळाला. कपाळ पांढरे आणि डोळ्यातून गेलेली काळी रेघ. आम्ही त्याच्यावर रात्रभर टोपली घातली. सकाळी वारा पडला तसा तो उडून गेला, जाताना माझ्या भावाच्या बोटाला चोच मारून गेला.

पण मला सांगायचे आहे ते पाकोळीबद्दल.

आपल्याकडे आभाळात भराभर उडणाऱ्या सगळ्या बारक्या पाखरांना पाकोळी म्हणतात. वही लिहू लागल्यावर कळले की या तीन वेगळ्या जाती आहेत. थंडीत विजेच्या तारांवर ओळीने बसते ती भिंगरी. देवळाच्या छताखाली पिसांचे आणि गवताचे घरटे करते, आणि कमरेवर ठळक पांढरा पट्टा असतो, ती घरपाकोळी. तिसरी सगळी तपकिरी, कुठे पट्टा नाही. ती तारेवर बसत नाही, झाडावर बसत नाही. तिचे पाय इतके लहान असतात की फक्त खडकाला लटकता येते. दिवसभर ती हवेतच किडे खाते. आमच्या परसावर आणि कुणग्यांवर संध्याकाळी जी फिरते ती बहुतेक हीच. मी रोज मोजू लागलो. एका संध्याकाळी चाळीसपर्यंत गेलो, मग चुकलो. अंधार पडू लागला की त्या एकेक करून पश्चिमेला, समुद्राकडे निघून जातात. मला कळेना, पुढे तर पाणीच आहे, या झोपतात कुठे?

उत्तर आजोबांना माहीत होते. वेंगुर्ला रॉक्समधल्या एका बेटावर गुहा आहे. या पाकोळ्या त्या गुहेत राहतात आणि तिथेच घरटी करतात. फेब्रुवारी ते मे हे त्यांचे पिल्लांचे दिवस. घरटे असते थुंकीचे! थुंकी वाळून घट्ट होते आणि त्यात पिसे आणि गवत चिकटलेले असते. अर्ध्या वाटीएवढे ते घरटे खडकाच्या भिंतीला चिकटवलेले असते आणि त्यात दोन अंडी. गुहेत काळोख असतो, पण पाकोळी टकटक असा आवाज करते आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट काढते. वटवाघूळही असेच काहीसे करते, फक्त त्याचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. ही गुहा आजची नाही. ए. ओ. ह्यूम साहेब १८७५ मध्ये या खडकांवर आले होते. १८८५ च्या काँग्रेसच्या स्थापनेत आपण ज्यांचे नाव पाठ करतो तेच हे ह्यूम. हुमायून अब्दुलाली या पक्षितज्ज्ञांनीही इथल्या सुरयांवर आणि पाकोळ्यांवर १९४२ मध्ये लेख लिहिला होता.

या घरट्याचे परदेशात सूप करतात आणि त्याला फार पैसे मोजतात. म्हणून घरटी चोरीला जायची. आजोबांनी तरुणपणी ती काढणारी माणसे पाहिली आहेत. दिवटी घेऊन, दोराला धरून आत उतरायचे आणि सुरीने भिंत खरवडायची. अंडी असली तर ती खाली पडायची. मी विचारले, कोणी काही बोलत नव्हते का? आजोबा बराच वेळ पान लावत बसले. मग म्हणाले, "तेवा घरात दोन येळची पेज नाय होती. पोरांक काय घालूचां?" त्यांनी आणखी काही सांगितले नाही, मीही विचारले नाही.

आता वन्यजीवांच्या १९७२ च्या कायद्याने ही घरटी काढणे गुन्हा आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने इथल्या पाकोळ्यांच्या रक्षणासाठी पुष्कळ काम केले आहे.

तरी फेब्रुवारी २०२५ मध्ये आमच्या खळ्यात एक अनोळखी माणूस येऊन बसला. (हे मी बाबांना विचारून लिहीत आहे.) त्याला रात्रीची होडी हवी होती. कुठे ते त्याने सांगितले नाही, पण भाडे इतके सांगितले की चहा घेऊन आलेली आई दारातच थांबली. होडीच्या इंजिनाचे हप्ते थकलेले होते, हे घरात सर्वांना ठाऊक होते. बाबा म्हणाले, "माका जमाचां नाय." माणूस गेल्यावर आई म्हणाली, सगळे हप्ते फिटले असते. आजोबा काही बोलले नाहीत. त्या रात्री आमच्याकडे कोणी जास्त बोलले नाही.

दोन दिवसांनी मी बाबांना कारण विचारले. ते जाळे विणत होते. म्हणाले, "पाखरां आमका मासो दाखवतत. तेंच्या घरात हात कसो घालूचो?" मासा दाखवतो तो सुरय, पाकोळी नव्हे. पण मी बाबांना तसे म्हटले नाही.

एप्रिलमध्ये समुद्र शांत होता तेव्हा बाबांनी मला लांबून बेट दाखवले. पिल्लांच्या दिवसांत गुहेत जायचे नसते, म्हणून होडी दूरच उभी केली. मधमाश्यांनी पोळ्यात जावे तशा पाकोळ्या आत-बाहेर करत होत्या. बाहेर आलेल्या सरळ किनाऱ्याकडे, म्हणजे आपल्या गावाकडे जात होत्या. आपल्या कुणग्यांवरचे, आंब्या-काजूच्या मोहरावरचे किडे घेऊन त्या परत येणार आणि काळोखात पिल्लांना भरवणार. मोहरावर पडणारे तुडतुडेही त्यांच्या तोंडून सुटत नसावेत, असे मला वाटते. गुहेतली घरटी गेली तर आमच्या परसावरचे आभाळही रिकामे होईल, हे मला होडीत बसल्यावर नीट कळले.

हप्ते अजून चालू आहेत. आई भाजी घेऊन आठवडी बाजारात बसते.

आपल्या घरावरून संध्याकाळी तपकिरी पाकोळ्या जातात का हे मला हवे आहे. पट्टा आहे की नाही ते नीट बघा, तारेवर बसली तर ती मोजू नका. किती दिसल्या, कोणत्या दिशेला गेल्या आणि तारीख एवढे कागदावर लिहून आणा. माझी वही वर्गाच्या कपाटात ठेवली आहे. पालकांना बघायची असल्यास गुरुजींकडे मागावी.