कळसूबाईच्या माथ्याजवळची चूल

अकोले तालुक्यातील बारी गावातून कळसूबाईची वाट सुरू होते. महाराष्ट्रातील हे सर्वोच्च शिखर, उंची १६४६ मीटर. लोखंडी शिड्या चढून दमलेला यात्रेकरू माथ्याखालच्या सपाटीवर पोहोचतो, तेव्हा ताडपत्रीच्या आडोशाला चूल पेटलेली दिसते. पिठले, भाकरी, ठेचा, लिंबूसरबत, ताक, बेत एवढाच. पायथ्याकडील कुटुंबे ही साधी उपाहारगृहे वर्षानुवर्षे चालवीत आली आहेत.

भाव ऐकून काही पाहुणे घासाघीस करू लागतात. पेढीवर बसणाऱ्याला तरी हा हिशेब उलगडून सांगावा लागू नये. येथे वाहतुकीचा खर्च म्हणजे माणसाची मान आणि गुडघे: पीठ, तेल, भांडी सारे डोक्यावरून वर येते. पावसाने गिऱ्हाईक फिरकले नाही, तर ताकाचा हंडा तसाच खाली न्यायचा. त्या तोट्याची नोंद कोणत्या वहीत होते?

जैन यात्रेकरूंनी फोडणी पडण्यापूर्वीच सांगावे, म्हणजे कांदा-लसणाविना पिठले होऊ शकते. द्विदळाचा नियम पाळणाऱ्यांनी त्यासोबत ताक घेऊ नये, सरबत उत्तम. पाणी गाळण्याचे वस्त्र मात्र घरूनच न्यावे. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि उतरण्यास दोन-तीन तास सहज लागतात. ‘खाली जाऊन जेवू’ म्हणणाऱ्या चउविहारींना मग उपाशीच निजावे लागते. तेव्हा दुपारचे जेवण वरच उरकावे, आणि सुटे पैसे जवळ ठेवावेत.