कोण कोणावर अवलंबून

१० नोव्हेंबर २०२५, जळगाव
लॅबमधली यंत्रे डेबियन लिनक्सच्या आवृत्ती १२ वरून १३ वर न्यायला घेतली. पॅकेजे बसवणाऱ्या-काढणाऱ्या ॲप्टने दाखवलेल्या यादीत 'काढली जाणारी' पॅकेजेस पाहून मुले घाबरली. ग्लिब ही लायब्ररीच गेली तर तिच्यावर उभा असलेला डेस्कटॉप उरेल कसा? यादी शेवटपर्यंत वाचायला लावली. तीच लायब्ररी नावापुढे 'टी६४' लावून परत येत होती.

११ नोव्हेंबर
मुलांना या नव्या नावाचे कारण हवे होते, ते आज फळ्यावर मांडले. १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणारे घड्याळ १९ जानेवारी २०३८ रोजी भरते. म्हणून ३२ बिटांच्या एआरएम यंत्रांसाठी डेबियनने २०२४ मध्ये वेळेचा आकडा ६४ बिटांचा केला. आकडा रुंदावला की जुन्या मापाने बांधलेला प्रोग्राम लायब्ररीशी जुळत नाही. मग लायब्ररीला नवे नाव द्यायचे आणि तिच्यावर विसंबलेले प्रत्येक पॅकेज नव्याने बांधायचे. आमच्या ६४ बिटी यंत्रांवर माप बदललेलेच नाही, त्यामुळे इथे नवे पॅकेज जुन्या नावाची गरजही आपणच भागवतो असे जाहीर करते. डेबियनच्या इतक्या विखुरलेल्या स्वयंसेवकांनी हे जुळवून आणले, याचा मला मनापासून आदर वाटतो.

१३ नोव्हेंबर, धुळे
पारोळ्याजवळ कापसाच्या ट्रॅक्टरांमागे एसटी रखडली. इथल्या एका वाचनालयातल्या यंत्रावर कोणीतरी पांगो ही लायब्ररी बाहेरून आणून, तिच्या डिपेंडन्सी (ती ज्यांवर अवलंबून आहे ती पॅकेजे) न जुमानता बसवली होती. मजकूर लिहिण्याचा संपादक-प्रोग्राम उघडेना. संपादकाला जीटीके लागते, जीटीकेला पांगो, पांगोला हार्फबझ. आणि मराठी जोडाक्षरे जुळवते ती हार्फबझच. बाहेरचा स्रोत काढून डेबियनची पांगो परत आणली, तेव्हा काम सुरू झाले.

संध्याकाळी मोडी लिपीचा विषय निघाला. जुनी कागदपत्रे जपणाऱ्या राजवाडे संशोधन मंडळाच्या गावात तो निघणारच. मोडी युनिकोडमध्ये २०१४ साली आली आणि नोटोचा मोडी फॉन्ट डेबियनमध्ये आहे. पण फॉन्टचे पॅकेज हार्फबझ मागत नाही. ते एकटेही बिनतक्रार बसते, काना-मात्रा मात्र अक्षर जुळवणाऱ्या लायब्ररीवाचून जागेवर बसत नाहीत. ही गरज कुठल्याच यादीत लिहिलेली नसते, ती वापरणाऱ्यालाच दिसते.

म्हणून इथल्या मुलांना सांगून निघालो: अक्षर तुटलेले दिसले की गप्प बसू नका, जबरदस्तीने काही बसवूही नका. डेबियनला चूक कळवणारा रिपोर्टबग हा प्रोग्राम चालवा. त्या पॅकेजच्या साऱ्या डिपेंडन्सी आवृत्तीसह तो स्वतःच जोडतो. काय तुटले ते तेवढे तुम्ही लिहा.