बर्फाखालचे हेदर

एडिंबऱ्याला डिसेंबरात सकाळ होते असे म्हणणे हे केवळ बोलण्याची सवय म्हणून. पावणेनऊच्या सुमारास काळे आकाश राखाडी होते आणि दुपारी पावणेचारच्या आत ते राखाडीपणही आवरते घेते. मधल्या सात तासांत सूर्य दिसलाच, तर घरांच्या धुराड्यांच्या आडून, कुणाची नजर चुकवून निघाल्यासारखा खालून खालूनच निघून जातो. त्यात बारीक, चिवट, संपता न संपणारा पाऊस. या हवेला तिथले लोक ‘ड्रीख’ म्हणतात. शब्द उच्चारतानाच घशात ओल साचावी असा आहे. आम्हां इंदूरकरांचा हिवाळा म्हणजे अंगणातले ऊन, शेवंतीचे ताटवे आणि रात्री सराफ्यातला गरम गराडू. तेव्हा चिरंजीवांकडे पहिला हिवाळा काढताना आम्हां उभयतांना खिडकीशी बसून कुठे काही रंग दिसतो का, हे शोधण्याचा छंदच जडला.

स्कॉटलंड म्हटले की हेदर आले. ऑगस्ट-सप्टेंबरात तिथले डोंगरच्या डोंगर जांभळे होतात, ते याच्या फुलांनी. मनगटाएवढीही जाड न होणारी, गुडघ्याखाली राहणारी ही झुडपे आम्ही कॅलेंडरावरील चित्रांत पाहिली होती. पांढऱ्या फुलांचे हेदर तिथे शुभ मानतात. 1855 साली बालमोरलच्या डोंगरावर प्रशियाचा राजपुत्र फ्रेडरिक विल्यम याने व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या मुलीला पांढऱ्या हेदरची डहाळी देऊन मागणी घातली, ही हकीकत राणीने स्वतःच लिहून ठेवली आहे. पण हे सारे उन्हाळ्याचे वैभव. हिवाळ्यात ते डोंगर तपकिरी होऊन पडलेले असतात.

आमचा विषय आहे तो याच कुळातल्या, परंतु बागेत लावायच्या आणि ऐन थंडीत फुलणाऱ्या हेदरचा. शास्त्रीय नाव एरिका कार्निया. उंची वीतभर, पाने सुईसारखी, देठाभोवती चार-चारच्या वेढ्यांत. फूल जोंधळ्याच्या दाण्याहून थोडे लांबट, अरुंद घुंगरासारखे, आणि त्याच्या तोंडाबाहेर डोकावणारे गडद तपकिरी केसर. एक फूल पाहिले तर काहीच नाही; पण एकेका डहाळीवर अशी दाटी असते की झुडूप गुलाबी पांघरूण घेऊन बसल्यासारखे दिसते. हे मूळचे स्कॉटलंडचे नव्हेच. आल्प्स आणि त्याच्या आसपासच्या पर्वतांतून ते ब्रिटनच्या बागांत आणले गेले. तिकडे जर्मन भाषेत त्याला ‘श्नेहाइड’, म्हणजे बर्फाचे हेदर म्हणतात. परमुलखातून येऊन पिढ्यान्‌पिढ्या त्या मातीचे होऊन राहणे, यात आम्हां माळव्यातल्या मराठी माणसांना नवल वाटण्याचे कारण नाही.

आता आमच्या हातून जे घडले ते सांगितले पाहिजे.

2018 च्या सप्टेंबरात आम्ही तिथे गेलो. घरासमोर दगडी कठड्याच्या आत चार हात जागा, आणि तीत हेदरची तीन झुडपे. दसरा उलटला. इंदूरला दसऱ्यानंतर आम्ही गुलाबांची छाटणी करतो; पावसाळ्यात माजलेल्या फांद्या निर्दयपणे उतरवल्या की डिसेंबरात फूल मावत नाही. चाळीस वर्षांची सवय. ती झुडपे आम्हांला विस्कटलेली, लोळणारी वाटली. टोकांना हिरवट बारीक बोंडे होती. आम्ही समजलो, फुले येऊन गेली, हे बी धरले आहे. मुलगा-सून कामावर गेलेले. खुंटीवरची छाटणीची कात्री घेतली आणि तिन्ही झुडपे जून लाकडापर्यंत उतरवून, वर बुंध्याशी चांगले खतही घालून, आम्ही कृतकृत्य होऊन चहाला बसलो.

सूनबाई संध्याकाळी आल्या. फाटकाशीच थांबल्या. मग म्हणाल्या, “बाबा, गारठा वाढलाय, आत चला.” एवढेच.

खरी गोष्ट रात्री चिरंजीवांकडून कळली. 2010 च्या नोव्हेंबरात त्या लग्न होऊन त्या घरात आल्या आणि आठवड्याभरात बर्फ सुरू झाला. त्या वर्षीचा नोव्हेंबर-डिसेंबरातला बर्फ स्कॉटलंड अजून विसरलेले नाही. चिरंजीव दिवसभर बाहेर; घरात बोलायला कुणी नाही; इंदूरला फोन केला की रडू येई म्हणून त्यांनी फोन करणेच कमी केले होते. शेजारच्या वृद्ध बाई एके दिवशी तीन कुंड्या घेऊन दाराशी आल्या. भाषा एकमेकींची धड समजत नव्हती. बाईंनी कुंड्यांवरचा बर्फ हाताने झाडला, तर खाली फुले. पुढची सात वर्षे दोघी मिळून त्या झुडपांचे करीत असत. आम्ही गेलो त्याच्या आदल्या वर्षी त्या बाई वारल्या होत्या.

त्या रात्री आम्हांला झोप आली नाही.

जानेवारीत आम्ही एडिंबऱ्याचे वनस्पतिउद्यान पाहायला गेलो, ते खरे तर या अपराधाचा उलगडा करून घ्यायला. हे उद्यान 1670 साली हॉलीरूड राजवाड्याजवळ औषधी वनस्पतींच्या लहानशा वाफ्यांपासून सुरू झाले आणि 1820 नंतर इन्व्हरलीथ येथील आजच्या जागी आणले गेले. बागेत प्रवेशाला पैसे पडत नाहीत, ही गोष्ट आमच्या सौ.ना विशेष भावली. पाऊस भुरभुरत होता, झाडे उघडी पडली होती, आणि जमिनीलगत हेदरचे पट्टे गुलाबी, पांढरे, लाल असे पसरले होते. तिथे काम करणाऱ्या एका माळ्याने आमचे मोडके इंग्रजी शांतपणे ऐकून घेतले आणि गुडघ्यावर बसून एक डहाळी उलटी करून दाखवली.

या झुडपाची कळी उन्हाळ्याच्या अखेरीसच धरलेली असते आणि सबंध शरद ऋतूभर ती हिरवी राहून थांबते. म्हणजे आम्ही जे बी समजलो ते हिवाळ्याचे फूल होते. पुढे आमच्या वाचनात आले की थोर वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यानेही 1753 च्या आपल्या ग्रंथात या एकाच झाडाला दोन निरनिराळी नावे दिली. हिरव्या कळ्यांतल्या झाडाचे एक, फुललेल्याचे दुसरे. चूक करावी तर अशा संगतीत करावी, असे सौ. म्हणाल्या, परंतु लिनियसच्या हाती कात्री नव्हती.

दुसरी गोष्ट अधिक वाईट. गुलाबाचे जून लाकूड कापले तरी त्याला डोळे फुटतात. हेदरचे तसे नाही. पाने नसलेल्या लाकडापर्यंत कापले की ते बहुधा पुन्हा फुटत नाही. कात्री लावायची ती फुले सुकल्यावर, एप्रिलच्या सुमारास, आणि तीही सुकल्या फुलांच्या जरा खाली, पाने राखून. खताचेही तसेच. ही जात निकस जमिनीची. मुळांशी राहणाऱ्या बुरशीच्या मदतीने ती आपले पोट भरते, आणि आपण मायेने घातलेले खत तिला बाधते. डोंगरावरच्या हेदरला चुना मुळीच खपत नाही. कार्निया तेवढी चुनखडीही सोसते, म्हणून कुठल्याही मातीच्या बागेत ती दिसते. लावताना खोल लावावी, खालची पाने मातीला टेकतील इतकी. पहिला उन्हाळा पाणी चुकवू नये. सारे सांगून माळ्याने विचारले, “पांढऱ्याचे नाव ठाऊक आहे का?”

चिरंजीवांना ठाऊक होते: स्प्रिंगवुड व्हाइट. त्यावर तो माळी हसला. ही जात स्टर्लिंगच्या एका वॉकर नावाच्या बाईंना इटलीतल्या डोंगरावर सापडली. त्यांनी ती घरी आणली आणि घराचेच नाव तिला मिळाले. तिचा गुण असा की ती पसरते आणि टेकेल तिथे मूळ धरते. “घरी जा आणि दगडांखाली पाहा,” तो म्हणाला.

अंधार पडायच्या आत पोहोचायचे म्हणून आम्ही बस पकडली. सूनबाई विजेरी घेऊन आमच्याबरोबर कठड्याशी वाकल्या. दोन गुलाबी झुडपे वाळून काटक्या झाली होती. ती गेली ती गेलीच. पांढऱ्याचा बुंधाही मेला होता. पण कठड्याच्या सांधीत, खडीखाली शिरलेली हातभर डहाळी आमच्या कात्रीच्या नजरेतून सुटली होती. तिच्या टोकाला चार-पाच पांढरी घुंगरे होती. सूनबाईंनी खडी बोटाने बाजूला केली. खाली केसासारखी बारीक मुळे. आपल्याकडे दाब कलम करतात, तेच तिने आपले आपण करून ठेवले होते. सूनबाई खाली बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत. आम्हीही काही बोललो नाही; आमच्या सौ.नी तेवढा त्यांच्या डोक्यावर छत्रीचा कोपरा धरला.

फेब्रुवारीत आम्ही परतलो. वसंतात त्यांनी ती डहाळी बुंध्यापासून तोडून वेगळी लावली, असे पत्राने कळले. मग महामारीची वर्षे आली आणि जाणे लांबले. 2022 च्या डिसेंबरात पुन्हा गेलो तेव्हा त्या एका डहाळीचा परातीएवढा पांढरा घेर झाला होता आणि कठड्यावरून खाली ओघळत होता. मार्चमध्ये एका उबदार दुपारी त्यावर एक गलेलठ्ठ भुंगा हिंडत होता. हिवाळाभर जमिनीत निजलेल्या राणीमाशीला हेच पहिले खाद्य, असे नातवाने आम्हांला समजावले.

खुंटीवर कात्री मात्र नव्हती. ती कुठे ठेवली आहे हे आम्ही विचारले नाही.

एप्रिलच्या एका रविवारी फुले तपकिरी झाली. सूनबाई आतून कात्री घेऊन आल्या, फडक्याने पुसली, आणि आमच्या हातात देऊन म्हणाल्या, “अर्धे बोट, बाबा. त्याच्या खाली नको.” सौ. चष्मा लावून शेजारी बसल्या. परातीएवढे झुडूप छाटायला आम्हांला सबंध सकाळ लागली.