काठी डोक्यावर धरा

नॉर्वेची क्रूझ ठरवताना घरात फारसे वाद झाले नाहीत. ते झाले एक्स्कर्शनची यादी हातात पडल्यावर. चाकांच्या गाडीला जुंपलेले कुत्रे, रिब बोटीची सफर, कायाक, डोंगरवाटा. मुलांचं ‘हे पण, ते पण’ चाललेलं, दर बघून नवरा गप्प. सासूबाईंच्या, म्हणजे आमच्या आईंच्या, गुडघ्यांचा विचार त्या यादीत कुणी केलेला नव्हता.

मग मी यादी उलटी वाचायला घेतली. आधी वयाची अट, मग चालणं किती, पायऱ्या किती, बाथरूमची सोय काय, आणि ठिकाणाचं नाव सगळ्यात शेवटी. निम्मी यादी तिथेच गळाली. सकाळी आठच्या सहली मी आपणहून कापल्या. मध्यरात्रीही लख्ख ऊन असताना मुलं वेळेवर झोपतील, ही आशा कुणी करू नये.

उरलेल्यांतून निवडताना प्रश्न एकच: हे आपलं आपण करता येईल का? ट्रोम्सोत येतं. पूल ओलांडला की समोर डोंगर आणि त्यावर ४२१ मीटरपर्यंत नेणारी केबल कार. बाजूलाच नेपाळहून आलेल्या शेर्पांनी बांधलेल्या दगडी पायऱ्या आहेत, १२०० च्या आसपास. नवरा आणि लेक पायऱ्यांनी गेले. आई, धाकटा आणि मी केबल कारने. ते दोघं लालबुंद होऊन वर पोचले तेव्हा आमची कॉफी संपत आली होती. त्यांना बघून आई म्हणाल्या, “पर्वती चढताना मात्र तुमचे पाय दुखतात!”

नॉर्थ केपला मात्र जहाजाचीच बस घेतली. होनिंग्सवॉगच्या धक्क्यापासून ते टोक तीसेक किलोमीटरवर आहे. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं. आपण स्वतः गेलो तर ते सुटतं. जास्तीचे पैसे त्या निश्चिंतीचे. ३०७ मीटरच्या कड्यावर लोखंडी पृथ्वीगोल आहे, त्याच्यासमोर फोटोसाठी रांग लागते. खरं म्हणजे शेजारचं क्निव्हशेलॉडन हे टोक आणखी थोडं उत्तरेला आहे, पण तिथे तासन्‌तास चालत जावं लागतं, म्हणून गर्दी इथे. आम्हाला गोल दिसला आणि पुढे नुसतं धुकं. तिकिटाचे पैसे त्यासाठी परत मिळत नाहीत.

स्वालबार्डची गोष्ट वेगळी. एक तर तो नॉर्वेचा भाग असला तरी शेंगेनच्या बाहेर, त्यामुळे तिथून परत नॉर्वेत उतरायचं तर आपल्या पासपोर्टवर एकाहून जास्त प्रवेशांचा व्हिसा हवा. एक्स्कर्शन निवडण्याआधी घरातल्या प्रत्येकाचा व्हिसा उघडून बघावा, आजीचासुद्धा. आणि दुसरं, लाँगइयरब्येनच्या वस्तीबाहेर पांढऱ्या अस्वलांचा धोका असतो. रायफलवाल्या गाइडशिवाय पाऊल टाकायचं नाही. म्हणून ट्रोम्सोत वाचवलेले पैसे इथे मोकळ्या हाताने घातले. नवरा आणि लेक गाइडबरोबर डोंगरावर गेले. आम्ही तिघं गावात.

गावात सुरक्षित, असं मी समजून चालले होते. पण रस्त्याच्या कडेच्या खडीत आर्क्टिक टर्न पक्ष्यांची घरटी असतात. पिल्लांच्या दिवसांत जवळून कुणी गेलं की पक्षी किंचाळत थेट डोक्यावर झेपावतो. लाल चोच, काळी टोपी, आणि नेम पक्का. समोरून येणाऱ्या एका बाईंनी हात उंच करून खूण केली: काठी डोक्याच्या वर धरा. टर्न सगळ्यात उंच टोकावर चोच मारतो. आईंनी काठी वर केली, दुसऱ्या हाताने माझा खांदा धरला, धाकटा आमच्या दोघींच्या मधे शिरला आणि आमची वरात निघाली. काठीच्या टोकावर टकटक आवाज येत होता. धाकट्याला आणखी एक फेरी हवी होती.

पुढे संग्रहालयात दारातच बूट काढायला सांगितले. एकेकाळचं कोळशाच्या खाणींचं गाव. कोळशाची धूळ आत येऊ नये म्हणून पडलेली ही जुनी पद्धत. आईंनी बूट नीट जोडीने रॅकमध्ये ठेवले आणि म्हणाल्या, “चला, इथे तरी माणसांना रीत आहे.” आत सीलच्या कातड्यावर बसायला मिळतं म्हटल्यावर त्यांनी तासभर हलायचं नाव घेतलं नाही.