ओठांवर अडलेला शब्द

वस्तूचे रूप, तिचा उपयोग, तिच्याशी जोडलेले प्रसंग हे सारे मनात लख्ख असते आणि तिचे नाव तेवढे उच्चारता येत नाही, या अवस्थेला मराठीत शब्द ओठांवर अडणे असे म्हणतात. ही अवस्था साध्या विस्मरणाहून वेगळी आहे, कारण विस्मरणात शब्दाचा मागमूसही उरत नाही, तर येथे तो आपल्याला ठाऊक आहे ही खात्री शब्दाच्याही आधी येऊन उभी राहते. अमेरिकी तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी 1890 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मानसशास्त्रविषयक ग्रंथात या पोकळीचे वर्णन केले असून, ती कोरी नसते आणि चुकीचे नाव पुढे केल्यास ती ते तत्काळ नाकारते, हे त्यांचे निरीक्षण आजही ग्राह्य मानले जाते. पुढे 1966 साली रॉजर ब्राऊन आणि डेव्हिड मॅक्नील यांनी विद्यार्थ्यांना विरळ शब्दांच्या केवळ व्याख्या वाचून दाखवल्या, तेव्हा शब्द अडलेल्या विद्यार्थ्यांना त्याचे पहिले अक्षर निम्म्याहून अधिक वेळा अचूक सांगता आले आणि त्यातील उच्चारघटक किती, याचा अंदाजही बऱ्याचदा बरोबर ठरला.

या निष्कर्षांचा प्रत्यय प्रस्तुत लेखकास वेवजी येथे आला. तलासरी तालुक्यातील हे गाव गुजरातच्या सीमेला लागून आहे. पलीकडे सोळसुंबा आणि उंबरगाव असल्यामुळे घरात वारली, शाळेत प्रमाण मराठी, बाजारात गुजराती आणि कारखान्याच्या फाटकाशी हिंदी अशी भाषांची अदलाबदल येथे एकाच माणसाच्या एका दिवसात घडते. तेथील एका वारली लग्नघरी, भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेल्या चौकासमोर उभे राहून, बाहेरगावाहून आलेल्या पाहुण्याला विधी समजावून सांगण्याचे काम लेखकाकडे आले होते. चौक सवासिनी काढतात, मध्यभागी पालघट देवी असते, इथवरचे निवेदन सुरळीत झाले. मात्र गीते गाऊन लग्न लावणाऱ्या स्त्रीला काय म्हणतात, हे सांगण्याची वेळ आली आणि वाक्य अर्ध्यावर थांबले.

शब्द ‘ध’पासून सुरू होतो, ‘री’ने संपतो आणि त्यात चार अक्षरे आहेत, एवढे निश्चित होते, पण मधली दोन अक्षरे काही केल्या हाती येईनात. त्यांच्या जागी ‘सवासिन’ आणि ‘भगत’ हे अर्थाने जवळचे शब्द घुसत राहिले, आणि शेवटी ध्वनीच्या नात्याने ‘धनुर्धारी’सुद्धा आला, ज्याचे लग्नात काहीच काम नव्हते. पाहुण्याने मदत म्हणून ‘भटजीण’ असे सुचवताच, विचार करण्यापूर्वीच, नव्हे असे उत्तर निघून गेले. शब्द आता येणार, पुढच्या श्वासाला येणार, असे वाटण्यातील तगमग शिंक अडून राहावी तशी असते, आणि समोरचा माणूस जितक्या सौजन्याने वाट पाहतो तितकी ती वाढते.

डेबोरा बर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991 साली दिलेल्या स्पष्टीकरणानुसार, शब्दाचा अर्थ आणि त्याचे ध्वनी स्मृतीत वेगवेगळ्या ठिकाणी साठवलेले असून त्यांना जोडणारे दुवे वापराअभावी व वयोमानाने क्षीण होतात. अर्थ जागा झाला तरी ध्वनीपर्यंत पुरेसा जोर पोहोचत नाही, आणि म्हणूनच क्वचित उच्चारले जाणारे शब्द व माणसांची नावे सर्वाधिक अडतात. टॅमर गोलान यांच्या अभ्यासात एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन भाषा बोलणाऱ्यांचे शब्द अधिक वेळा अडताना आढळले. याचे कारण म्हणून दोन शक्यता मांडल्या जातात: एकतर दुसऱ्या भाषेतील समानार्थी शब्द वाट अडवतो, किंवा बोलणे दोन भाषांत विभागले गेल्याने प्रत्येक शब्दाच्या वाट्याला कमी वापर येतो. एका अनुभवावरून सिद्धांत ठरत नाही, हे मान्य करूनही, वेवजीच्या प्रसंगात दुसरी शक्यता अधिक पटते. हव्या असलेल्या शब्दाला लेखकाच्या मराठीत वा गुजरातीत समानार्थी प्रतिस्पर्धीच नव्हता, मग वाट अडवणार कोण? तो शब्द लग्नसराईपुरता तोंडी येतो आणि एरवी पडून राहतो, एवढेच.

अडथळा दूर झाला तो आडवाटेने. प्राचीन मराठी साहित्याची आवड असलेल्या पाहुण्याने, या गीतांचे महानुभाव पंथातील महदंबेच्या ‘धवळ्यां’शी काही साम्य आहे काय, असे सहज विचारले आणि त्याचा प्रश्न पुरा होण्याआधीच ‘धवलेरी’ हा शब्द मोठ्याने उच्चारला गेला. महदंबेचे धवळे ही तेराव्या शतकातील विवाहगीते असल्याने साम्याचा प्रश्न गंभीर होता, पण त्याला उत्तर मिळण्यास बराच वेळ लागला. सारख्या ध्वनींनी सुरू होणारा दुसरा शब्द कानी पडल्यास अडलेला शब्द सुटण्याची शक्यता वाढते, हे लोरी जेम्स व बर्क यांनी 2000 साली प्रयोगाने दाखवले आहे.

ॲमी वॉरिनर आणि कॅरिन हम्फ्रीज यांचा 2008 सालचा प्रयोग अधिक सावध करणारा आहे. त्यात काहींना अडलेल्या शब्दाशी दहा सेकंद, तर काहींना तीस सेकंद झटू दिले गेले, आणि दोन दिवसांनी अधिक काळ झटलेल्यांचे तेच शब्द पुन्हा अडण्याचे प्रमाण जास्त आढळले, म्हणजे झटताना मन जणू अडण्याचाच सराव करते. वेवजीच्या अंगणात हा सराव सहसा होत नाही. बोलणारा ‘तां... तां’ म्हणत हाताने आकार दाखवतो, कोणीतरी वारलीत, मराठीत वा गुजरातीत जो सुचेल तो शब्द देतो आणि बोलणे पुढे जाते. लेखक मात्र पुढे डहाणूत त्याच शब्दाशी पुन्हा अडला, आणि या वेळी पहिल्यांदा आठवले ते ‘धनुर्धारी’च.